घरचे आदण, बाजारचे आदण



गुऱ्हाळावर तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. थंडीचे दिवस, चुलवाणाचा धूर, साऱ्या शिवारात पसरलेला गोड वास आणि उसाच्या कांडीवर घेतलेला गरम गूळ. आपल्याकडे गुऱ्हाळावरून पाहुण्याला रिकाम्या हाती कोणी पाठवत नाही. पुढच्या खेपेला जाल तेव्हा काहिलीजवळ थोडा वेळ उभे राहा आणि कान द्या. रस आटत आला, फेस बारीक होऊ लागला की गुळव्या मालकाकडे वळून विचारतो, "मालक, ह्ये आदण घरचं का बाजारचं?"

मालक "घरचं" म्हणाला तर गुळव्या हातातला डबा खाली ठेवतो. "बाजारचं" म्हणाला तर डब्यातली पांढरी पावडर काहिलीत पडते आणि तांबूस पाक बघता बघता पिवळा होतो.

माझ्या नोकरीला तीस वर्षे होत आली. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी किती गुऱ्हाळांवर ऐकला याची मोजदाद नाही. विचारणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही आणि उत्तर देणाऱ्यालाही नाही. पण जरा विचार करून पाहा. ज्या मालकाला दोन आदणांत फरक करावासा वाटतो, त्याला त्या डब्यातल्या पावडरीविषयी कृषी खात्याच्या माणसाने वेगळे काय सांगायचे राहिले? त्याला ठाऊक आहेच. म्हणून आज मी पावडरीचे तोटे सांगून थांबणार नाही. ठाऊक असूनही ती काहिलीत का पडते, हे तुमच्याबरोबर बसून पाहायचे आहे. कारण तुमच्या घरात दुकानातून जो जो जिन्नस येतो, तो कोणाच्या तरी बाजारच्या आदणातलाच असतो.

पावडर कोठून आली?

या पावडरीला गुऱ्हाळावर हायड्रॉस म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव सोडियम हायड्रोसल्फाइट. मूळची ती कापडाच्या धंद्यातली. नीळ चढवताना किंवा कापडावरचा रंग उतरवताना रंगारी ती वापरतात. रंग मारणे हाच तिचा गुणधर्म. गुळातही ती तेच करते. गुळाचा तांबूसपणा ती मारते आणि गंधकाचा अंश मागे ठेवते. गुळात सल्फर डायऑक्साइड दशलक्ष भागांत ७० भागांपेक्षा जास्त असू नये, असे सरकारी मानक आहे. गुऱ्हाळावर मात्र वजनकाटा नसतो. तेथे मूठ हेच माप. रस जितका काळपट, तितकी मूठ मोठी. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना गंधकाचा हा अंश बाधू शकतो.

यातली गमत अशी की हा पिवळेपणा टिकतही नाही. असा गूळ काही आठवडे हवेवर राहिला की त्याचा रंग पुन्हा गडद होऊ लागतो. म्हणजे पावडर गुळाला चांगला करत नाही. ती फक्त त्याला सौद्याच्या दिवशी चांगला दाखवते.

पण पावडर नसतानाही सोनेरी गूळ होतो, हे जुन्या गुळव्यांना विचारा. त्यासाठी तयारी मात्र रानापासून करावी लागते. खारवट जमिनीतल्या किंवा मचूळ पाण्यावर वाढवलेल्या उसाचा गूळ काळपट होतो, खारट लागतो आणि त्याला पाणी सुटते. युरियाच्या मात्रा उशिरापर्यंत देत राहिले की ऊस जाडजूड दिसतो, वजन भरते, पण रसातले नत्र वाढते आणि तापवल्यावर रंग काळवंडतो. म्हणून नत्राची सारी मात्रा मोठ्या बांधणीपर्यंत संपवावी असे आम्ही सांगत आलो. को ९२००५ सारखा गुळाला योग्य वाण निवडावा. ऊस पुरता पक्व होऊ द्यावा. तोडणीआधी आठ-पंधरा दिवस पाणी बंद करावे. तोडलेला ऊस रानात वाळत न ठेवता शक्यतो त्याच दिवशी घाण्याला लावावा. मग काहिलीतली कसोटी. रानभेंडीची खोडे ठेचून, पाण्यात चोळून निघालेले चिकट पाणी रसात घातले की त्यातला गाळ धरून मळी वर येते. ती धीराने, पुन्हा पुन्हा काढावी लागते. जाळ एकसारखा हवा. गूळ उतरवण्याची वेळ ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास येते. जुना गुळव्या थंड पाण्यात पाकाची गोळी टाकून ती बोटांत वळून पाहतो आणि तेवढ्यावर सांगतो. त्याची बोटे आणि माझा तापमापक यांत मी फारसा फरक पाहिलेला नाही.

आता यातल्या प्रत्येक गोष्टीची किंमत मोजा. युरिया आवरला की टनेज घटते. पाणी तोडले की वजन घटते. त्याच दिवशी गाळप करायचे तर तोडणीची टोळी आणि घाणा यांचा मेळ घालावा लागतो. भेंडी लावावी लागते, ठेचायला गडी लागतो. मळी काढताना घाई करून चालत नाही, म्हणजे दिवसाला एखादे आदण कमी होते. या साऱ्याला तोडीस तोड म्हणून उभी आहे ती मूठभर पावडर, थोडक्या पैशांची. बाजारात दोन्ही गूळ एकाच दृष्टीने पाहिले जाणार असतील, तर चार पैसे वाचवू पाहणारा माणूस काय करील?

अलीकडे याच्याही पुढची तक्रार ऐकू येते. साखरेचा भाव गुळापेक्षा खाली असला की काहिलीत साखरेची पोती रिकामी होतात. रंगही उजळतो, वजनही वाढते. अशा गुळाला गूळ का म्हणायचे, हा प्रश्न मी गुळव्यांना विचारून पाहिला आहे. ते हसतात आणि मालकाकडे बोट दाखवतात.

तात्यांची पट्टी

१९९७ सालच्या हंगामातली गोष्ट. मी नोकरीत नवा होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावी चावडीवर सभा घेतली आणि 'रसायनविरहित गूळ' या विषयावर तासभर बोललो. पदवीचे शिक्षण ताजे होते, तक्ते होते, उत्साह होता. सभेनंतर एक पन्नाशीचे शेतकरी थांबले. गावात सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी मला भेंडीचे बी कोठे मिळेल एवढेच विचारले आणि निघून गेले.

महिनाभराने निरोप आला. तात्यांनी ओळीने आठ आदणे बिनपावडरीची काढली होती. मी जाऊन पाहिला. मधासारखा रंग, फोडल्यावर आत बारीक कण आणि चव अशी की नुसता भाकरीबरोबर खावा. मला फार आनंद झाला. माझ्या दैनंदिनीत मी 'यशस्वी प्रात्यक्षिक' असे लिहूनही टाकले.

चार दिवसांनी रात्री तात्या माझ्या खोलीवर आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. खिशातून अडत्याची पट्टी काढून त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवली. चौदा क्विंटल गूळ, आणि भाव शेजारच्या पिवळ्या ढिगापेक्षा क्विंटलला दीडशे रुपयांनी कमी. हमाली, तोलाई, अडत वेगळी. म्हणजे माझ्या तासाभराच्या भाषणाची किंमत दोन हजार शंभर रुपये झाली होती, आणि ती तात्यांनी भरली होती. माझ्या तेव्हाच्या निम्म्या पगाराएवढी ती रक्कम होती.

"साहेब, तुमी सांगितलं त्ये खोटं न्हाई," तात्या म्हणाले. "पण ही तूट कुणी सोसायची, त्येवढं सांगा."

मला उत्तर देता आले नाही. नवव्या आदणाला त्यांनी पावडर घातली. संक्रांतीला मात्र पाच किलोचा एक रवा माझ्याकडे आठवणीने पाठवला. चिठ्ठी नव्हती. नेऊन देणाऱ्या पोराने सांगितले, "घरच्यातला हाय."

त्या पट्टीने माझी झोप उडवली. पुढच्या आठवड्यात मी बाजारात जाऊन तो माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला गाठले. मनात राग होता. पण तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, "साहेब, मी तोंडात टाकून पाहिला. गूळ उत्तम होता. पण माझा माल गुजरातेत जातो. तिकडचा दुकानदार पिवळा मागतो, कारण त्याचे गिऱ्हाईक पिवळा मागते. तांबूस माल मी घेऊन बसलो तर तो माझ्याच गोदामात राहील. माझ्या घरी म्हणाल, तर मी तात्यांचाच गूळ खाईन."

म्हणजे त्याच्याकडेही घरचे आणि बाजारचे असे दोन गूळ होतेच! घरी येऊन मी हा किस्सा सांगितला तर सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातला डबा उघडून दाखवला. आत पिवळाधमक गूळ. "पोळ्यांना रंग बरा येतो, पाहुणे नावं ठेवत नाहीत," असे त्या म्हणाल्या. गावोगाव भाषणे देणाऱ्या माणसाच्या घरात हा प्रकार! साखळीचे शेवटचे टोक माझ्याच घरात निघाले.

कोल्हापूरच्या गुळाचा लौकिक काही आजचा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती व्यापारवाढीसाठी, आणि गुळाच्या व्यापाराने ती पेठ नावारूपाला आली. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. एवढ्या मोठ्या नावाचा माल आजही मुख्यतः डोळ्यांनी विकला जातो. प्रत ठरते ती रंगावर आणि टणकपणावर. चव पाहिली जाते, पण चवीला वेगळा भाव नाही. पावडर आहे की नाही याला तर नाहीच नाही, कारण ते उभ्या उभ्या कळत नाही.

ही गोष्ट पुढे मला एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाच्या लिखाणात सापडली तेव्हा आश्चर्य वाटले. त्यांचे नाव जॉर्ज अकेरलॉफ. १९७० साली त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीचा दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव सांगतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि वाईट तेवढ्या उरतात. या विषयावरील कामासाठी त्यांना २००१ साली इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. मला त्यात तात्यांची पट्टी दिसली. जनावरांच्या बाजारात उभे राहिलेल्या कोणाही शेतकऱ्याला हे निबंधाशिवायही समजते, हा भाग वेगळा.

हळदीची कथा

हा रंगाचा सोस कोठवर नेतो, याचे एक उदाहरण शेजारच्या बांगलादेशातले आहे. हळद हे आपलेही पीक, सांगलीची पेठ तर हळदीसाठीच ओळखली जाते, म्हणून ते सांगण्यासारखे वाटते. १९८० नंतरच्या दशकात तेथे मोठा पूर आला. हळद भिजली, नीट वाळली नाही आणि हळकुंडे काळपट पडली. गिऱ्हाईक तर पिवळी हळद मागणार. मग हळकुंडे घासून पॉलिश करणाऱ्यांनी त्यावर लेड क्रोमेट नावाचा पिवळा रंग चढवायला सुरुवात केली. हा रंग भिंती, लाकूड रंगवण्याच्या कामाचा, आणि त्यात शिसे असते. शिसे पोटात गेले की लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि ते नुकसान भरून येत नाही.

पूर ओसरला, पण रंग राहिला. पुढच्या वर्षी हळद चांगली आली तरी रंगवलेल्या हळदीशेजारी ती फिकी दिसू लागली. घासण्याचे श्रमही रंगामुळे कमी झाले. असे तीस वर्षे चालले. २०१९ साली बाजारातले नमुने तपासले तेव्हा शंभरात ४७ नमुन्यांत शिसे निघाले. गर्भवती स्त्रियांच्या रक्तातले शिसेही हळदीतल्या शिशाशी जुळते, असे संशोधकांनी दाखवून दिले. त्या आया आपल्या हाताने, चांगले म्हणून, ती हळद कालवणात घालत होत्या.

पुढे जे घडले त्याने माझा धीर वाढला. तेथील अन्न सुरक्षा विभागाने संशोधकांना बरोबर घेऊन मोहीम उघडली. वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या, बाजारात सूचनापत्रके लागली, क्ष-किरणांच्या छोट्या यंत्राने हळद जागच्या जागी तपासली गेली आणि दोषी व्यापाऱ्यांना दंड झाला. २०२१ साली पुन्हा नमुने घेतले तेव्हा शिसे असलेला एकही नमुना सापडला नाही. दोन वर्षांत ४७ वरून शून्य. व्यापारी तेच होते, त्यांची नफ्याची इच्छाही तीच असणार. फरक इतकाच पडला की जे डोळ्यांना दिसत नव्हते ते यंत्राला दिसू लागले, आणि लबाडी महाग झाली.

आपल्या घरात येणारा माल

आता हाच विचार घेऊन वाण्याच्या दुकानात चला. पूर्वी सगळे शुद्ध होते आणि आताच भेसळ आली, असे मी म्हणणार नाही. तसे असते तर सरकारला १९५४ सालीच अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा करावा लागला नसता. दुधात पाणी आपल्या आजोबांच्या काळीही पडत होते. आज फरक असा की पुष्कळसा हलकेपणा कायद्यात बसवून, पाकिटावर बारीक अक्षरांत छापून विकला जातो.

दूध घालणाऱ्या घरांनी हे उदाहरण मुद्दाम पाहावे. ज्याला कायद्याने 'आइस्क्रीम' म्हणता येते, त्या साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचे स्निग्ध किमान १० टक्के असावे लागते. दुधाचे स्निग्ध महाग. म्हणून त्याच्या जागी वनस्पतीतेल घालून तसाच थंड, गोड पदार्थ करतात आणि त्यावर 'फ्रोझन डेझर्ट' असे लिहितात. यात लबाडी नाही, नाव स्पष्ट छापलेले असते. पण जत्रेत पोराच्या हातात कांडी देताना ते नाव वाचतो कोण? गाईला पेंड घालणारा बाप आपल्याच पोराला तेलाची कांडी घेऊन देतो आणि संध्याकाळी दुधाला भाव नाही म्हणून डेअरीच्या दारात कुरकुरतो. त्याची कुरकुर खरी आहे. पण दुधाची एक जागा तेलाने घेतली, ती त्याच्या डोळ्यांदेखत.

बिस्किटांचा पुडा घ्या. पाच रुपयांचा पुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांनाच मिळतो, म्हणून आपण खूश. वजनाचा आकडा मात्र हळूहळू उतरत गेला. तो आकडा पुड्यावर छापणे कायद्याने सक्तीचे आहे आणि तो छापलेला असतोही. आपण किंमत वाचतो, वजन वाचत नाही. गुळाच्या बाबतीत रंग, तशी इथे किंमत. गिऱ्हाईकाची नजर जेथे असते तेवढा भाग सांभाळायचा आणि जेथे नसते तेथून काढून घ्यायचे.

आणि आपण स्वतः? टोमॅटो लावताना जाड सालीचा, गाडीत न फुटणारा वाण आपण निवडतो. त्याला चव नाही हे माहीत असते. घरासाठी बांधावर चार झाडे आंबट, पातळ सालीची ठेवतो. मी यासाठी कोणाला दोष देत नाही, कारण फुटलेल्या टोमॅटोचे पैसे कोणी देत नाही. पण शहरातल्या माणसाने जेव्हा भाज्यांना पहिली चव राहिली नाही असे म्हटले, तेव्हा आपण त्याला हसू नये.

मग करायचे काय?

प्रथम गुऱ्हाळमालकांना सांगतो. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे आणि गुऱ्हाळ हाही त्यात अन्नव्यवसाय धरला जातो. नोंदणी करून घ्या. ती अडचण समजू नका. ज्याचा माल खरा आहे त्याला कागद उपयोगी पडतो. भेंडीचे बी, काहिलीची स्वच्छता, चुन्याचे प्रमाण, तापमान याविषयी कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात समक्ष जाऊन विचारा. तेथली माणसे हे काम वर्षानुवर्षे करत आहेत. पण माझ्याकडून तात्यांच्या बाबतीत झाली ती चूक तुम्ही करू नका. सगळी आदणे एकदम बदलू नका. आधी गिऱ्हाईक शोधा, मग त्याच्यापुरती आदणे काढा.

भगिनींना माझी वेगळी विनंती आहे. घरात कोणता गूळ यायचा हे तुम्ही ठरवता. सोनेरी तपकिरी गूळ दिसला तर त्याला जुना, कळकट म्हणून परत ठेवू नका. आधी चाखून पाहा. खारट लागला किंवा ओलसर असला तर जरूर नाकारा. थोडासा गूळ पेलाभर पाण्यात विरघळू द्या. तळाशी पांढरट गाळ बसला तर खडूची पूड किंवा तसले काही मिसळल्याची शंका घ्यायला जागा आहे. हायड्रॉस मात्र अशा घरगुती युक्तीने कळत नाही. कोणी तशी युक्ती सांगितली तर मानू नका, त्याला प्रयोगशाळाच हवी. हळद शक्यतो हळकुंडे घेऊन, धुऊन वाळवून, गावच्या गिरणीत दळून घ्यावी. फार चकचकीत, एकसारखी पिवळी हळकुंडे घेऊ नयेत. गावात बचत गट असेल तर गटाने मिळून गुऱ्हाळावरून थेट गूळ घ्यावा. दहा-वीस घरांची मागणी एकत्र आली की एक आदण सहज खपते. मग ते आदण कसे काढायचे हे सांगण्याचा हक्क तुमच्याकडे येतो. मी पाहिलेल्या उपायांत हाच सर्वांत साधा आणि हमखास लागू पडलेला आहे.

तात्या आता नाहीत. त्यांचा मुलगा गुऱ्हाळ चालवतो. त्याला मी लहानपणापासून पाहत आलो, तो मला काका म्हणतो. सात-आठ वर्षांपूर्वी त्याने एक-एक किलोची बिनपावडरीची ढेप कागदी खोक्यात घालून पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या घरांना पाठवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी एका आदणाचा गूळ जाता जाता मार्च उजाडला. एका घरातून "काळा गूळ का पाठवला?" म्हणून खोके परत आले. त्याने ते पुन्हा पाठवले, सोबत भेंडीच्या वाळक्या खोडाचा तुकडा आणि कसा गूळ केला ते लिहिलेली चिठ्ठी. त्या घरातून आता दरवर्षी वीस खोक्यांची मागणी येते. भाव बाजारापेक्षा चांगला पडतो. पण खोकी, वाहतूक, फोनवर बोलण्यात जाणारा वेळ आणि उधारी धरली तर फार मोठा फायदा आहे असे तो म्हणत नाही.

गेल्या हंगामात त्याची अशी बारा आदणे खपली. बाकीची अजून सौद्यालाच जातात आणि त्यांत पावडर पडते. हे तो माझ्यापासून लपवत नाही. "काका, बाजारात रंगच बघत्यात, मी काय करू?" असे म्हणतो, आणि मी त्याला तात्यांच्या पट्टीची आठवण असल्याने गप्प राहतो. यंदा पंधरा आदणे करायचा त्याचा विचार आहे. त्यासाठी बांधावर भेंडी जास्त लावली आहे. खोकी दसऱ्याच्या आधी सांगून ठेवावी लागतात, नाहीतर ऐन हंगामात मिळत नाहीत, म्हणून परवा तो इचलकरंजीला गेला होता.